होळकरांचें वेड आणि वंशावळीची साक्ष

नीरा नदी बारामती तालुक्याच्या कडेनें वाहत जाऊन इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकाला, नरसिंहपुराशीं, भीमेला मिळते. तिच्या कांठीं बारामतीच्या बाजूस होळ नांवाचें गांव आहे. मल्हारराव होळकरांचा जन्म इ. स. १६९३ मध्यें याच गांवीं झाला व गांवावरूनच घराण्याला आडनांव मिळालें. या मुलखांतील लोकांना होळकर आपले वाटतात व त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी येथें आवडीनें सांगितल्या जातात. परंतु ज्या प्रसंगानें या घराण्याचें नांव परवां आमच्या कानीं आलें, त्यांत पराक्रमाचा कांहींएक संबंध नव्हता.

आमचे एक जुने विद्यार्थी इंदापुराकडे राहतात. त्यांच्या मुलीला बारामतीचें एक चांगलें स्थळ आलें होतें. पत्रिका जुळली, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता, मुलामुलीची पसंतीहि झाली; इतक्यांत वरपक्षाच्या कानावर गेलें कीं, मुलीच्या मामाला ऐन विशींत वेड लागलें होतें व औषध अद्यापि चालू आहे. मध्यस्थ गृहस्थ वयोवृद्ध व बहुश्रुत. ते मुलीच्या वडिलांना समजुतीच्या स्वरांत म्हणाले, "अहो, होळकरांसारखें घराणें! तेथेंहि आधीं मालेराव वेडे झाले आणि मग यशवंतराव वेडे झाले. रक्तांत असलेली गोष्ट कोणाला चुकली आहे? यांत तुमचा दोष नाहीं, आणि त्यांचाहि नाहीं." वडील बिचारे निरुत्तर झाले. मुलगी मात्र झाली नाहीं. तिनें आम्हांस पत्र घालून विचारलें कीं, हा होळकरांचा दाखला खरा आहे काय?

पत्र वाचून आम्ही प्रथम हंसलों, व मग आम्हांस थोडी लाज वाटली. कारण असाच दाखला आम्हीं स्वतः पूर्वीं वर्गांत, अर्धवट विनोदानें, दिलेला आहे. तेव्हां त्याचा नीट तपास करणें हें आमचें कर्तव्यच होतें.

मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव हे १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत पडले. १७६६ च्या मे महिन्यांत मल्हारराव वारले व गादी खंडेराव आणि अहल्याबाई यांचे पुत्र मालेराव यांजकडे आली. ती त्यांजकडे वर्षभरहि राहिली नाहीं. १७६७ च्या वसंतांत ते मरण पावले. त्यांच्या वेडाची जी हकीकत सर्वत्र सांगतात, ती सर जॉन माल्कम यांनीं १८२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तांतील आहे. मालेराव ब्राह्मणांना दान देतांना वस्त्रांत व भांड्यांत विंचू लपवून ठेवीत. पुढें एका कशिदा काढणाऱ्या कारागिरावर त्यांनीं वहीम घेतला व त्याचा वध केला. तो निरपराधी होता असें कळल्यावर पश्चात्तापानें त्यांचें चित्त भ्रमलें, आणि मेलेल्या माणसाचा आत्मा त्यांच्या अंगीं शिरून बोलूं लागला. अहल्याबाई मुलाच्या उशाशीं बसून होत्या. तुझें देऊळ बांधतें, तुझ्या कुटुंबाला जहागीर लावून देतें, माझ्या मुलाला सोड, असें त्या त्या आत्म्याला विनवीत राहिल्या. आत्म्यानें ऐकलें नाहीं.

ही हकीकत लिहिली गेली तेव्हां मालेरावांना जाऊन पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, आणि लिहिणारे गृहस्थ म्हणजे ज्यांनीं १८१७ मध्यें महिदपुरास होळकरांचें सैन्य मोडलें तेच. म्हणून ती खोटीच, असें आम्ही म्हणत नाहीं. माल्कम यांना अहल्याबाईंविषयीं अपार आदर होता, आणि आईनेंच मुलाचा घात केला ही जी दुष्ट कंडी त्या काळीं उठली होती, तिचें त्यांनीं निक्षून खंडन केलें आहे. (घरांत वेड शिरलें म्हणजे लोकांचें पहिलें बोट आईकडे वळतें, ही रीत कांहीं आजची नाहीं.) परंतु या हकीकतींतून वैद्यकाच्या हातीं येतें तें इतकेंच: एक तरुण मनुष्य, स्वभावानें आधींपासून क्रूर, कांहीं काळ भ्रमांत राहून मेला. तें भ्रमिष्टपण तापाचें होतें, मनाचें होतें, कीं आणखी कशाचें, हें एवढ्या पुराव्यावर कोणता वैद्य सांगेल?

यशवंतरावांची गोष्ट निराळी आहे. येथें पुरावा भरपूर आहे व तो वाचतांना मन कष्टी झाल्याशिवाय राहत नाहीं. १८०२ च्या ऑक्टोबरांत हडपसरच्या मैदानावर शिंदे व पेशवे यांच्या फौजा धुळीस मिळविणारा, १८०४ मध्यें मॉन्सनच्या पलटणींना पळतां भुई थोडी करणारा हा पुरुष. १८०५ च्या अखेरीस त्याला इंग्रजांशीं तह करावा लागला, आणि परत आल्यावर त्यानें एकच ध्यास घेतला, तो तोफा ओतण्याचा. भानपुऱ्यास भट्ट्या घातल्या. तेथें स्वतः राबावें, ओतकाम मनासारखें झालें नाहीं कीं संतापावें, आणि रात्रीं मद्य घ्यावें. माल्कम सांगतात कीं, पहिलें लक्षण दिसलें तें स्मरण जाण्याचें. दिलेली आज्ञा आठवेना. मग विरुद्ध आज्ञा द्यावी व पहिली कोणी दिली म्हणून खवळावें. याच सुमारास पुतण्या खंडेराव व भाऊ काशीराव यांचे खून झाले. हें सर्व त्या पातकाचें फळ, असें म्हणण्याचा मोह त्या काळच्या लोकांना झाला असल्यास नवल नाहीं. १८०८ मध्यें प्रकरण हाताबाहेर गेलें. ज्याच्या नांवानें दिल्लीपासून पुण्यापर्यंत लोक चळचळां कांपत, त्याला त्याच्याच माणसांनीं दोरखंडांनीं बांधलें आणि पहाऱ्यांत ठेवलें. वैद्य झाले, उपचार झाले. हळूहळू उन्माद ओसरला व त्याच्या जागीं कांहींच उरलें नाहीं. बोलणें बंद पडलें, ओळख बुजली; लहान मुलासारखें दूध पाजून त्यांना जगवीत असत. असे सुमारें तीन वर्षें काढून १८११ च्या ऑक्टोबरांत भानपुऱ्यासच त्यांचा अंत झाला. वय पस्तिशीच्या आंतबाहेर.

आरंभीं स्मृतिभ्रंश, मग उन्माद, मग जडत्व आणि थोडक्या वर्षांत मृत्यु. ज्या रोगाला शास्त्रीय मराठींत छिन्नमनस्कता व व्यवहारांत स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्याचा क्रम असा नसतो. त्या रोग्याला आवाज ऐकूं येतात, नसलेले वैरी दिसतात, मन संसारांतून काढतें पाय घेतें; पण स्मृति पहिल्याच घासाला जात नाहीं, आणि रोगामुळें तीन वर्षांत कोणी मरत नाहीं. यशवंतरावांच्या मेंदूलाच एखाद्या शारीरिक व्याधीनें कीड लागली असावी, असें त्यांच्या क्रमावरून वाटतें. व्याधीचें नांव ठेवण्याची हौस आम्हांस नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींच्या माणसाची नाडी पुस्तकांत लागत नसते.

आतां वंशावळ पाहूं, कारण मध्यस्थांच्या दाखल्याची सारी मदार तिच्यावर आहे. मालेराव हे मल्हाररावांचे नातू. यशवंतराव हे तुकोजीरावांचे पुत्र, आणि तुकोजीराव मल्हाररावांचे पुत्र नव्हत. ते जातीचे, परंतु नात्याचे नव्हत, असें माल्कम यांचें म्हणणें. कित्येक वंशावळींत त्यांना भाऊबंदांत दाखवितात. जवळांत जवळचें नातें धरलें, तरी मालेराव व यशवंतराव हे एका घरचे भाऊ नव्हत, बापलेक नव्हत, एकाच्या संततींतला दुसरा नव्हे. दोघांना जोडणारा दुवा रक्ताचा नसून गादीचा आहे. पुढें तर गादीनें रक्ताला पार मागें टाकलें. यशवंतरावांचे चिरंजीव मल्हारराव १८३३ मध्यें निपुत्रिक वारले. तेव्हांपासून १८४४ मध्यें दुसरे तुकोजीराव गादीवर बसेपर्यंत या घराण्यांत तीन दत्तकें झालीं. आपल्या सरदारघराण्यांच्या वंशावळी पाहून वेडाचा वारसा शोधणें म्हणजे नदीचें नांव एक आहे म्हणून पाणीहि तेंच आहे असें मानणें होय.

येथें प्रामाणिकपणें दुसरी बाजू मांडली पाहिजे. छिन्नमनस्कतेला वंशाचा कांहींच संबंध नाहीं असें म्हणणें खोटें होईल, आणि हें सिद्ध झालें तेंहि दत्तकांच्याच साक्षीनें. १९६६ मध्यें अमेरिकेंत लेनर्ड हेस्टन यांनीं, रोगी मातांच्या पोटीं जन्मून लगेच दुसरीकडे वाढलेल्या मुलांचा शोध घेतला, व त्यांच्यांत हा रोग इतरांपेक्षां पुष्कळ अधिक आढळला. मागाहून डेन्मार्कांत सरकारी दत्तकनोंदींवरून याचीच विस्तृत पडताळणी झाली. रोग रक्ताच्या आप्तांत अधिक दिसला, पाळणाऱ्यांच्या घरांत नव्हे. ज्या आया मुलांना वेड लावतात म्हणून पश्चिमेकडील विद्वान् कित्येक वर्षें लिहीत होते, त्यांची सुटका या अभ्यासांनीं केली, हें एक मोठेंच पुण्य म्हणावयाचें.

पण संबंध आहे म्हणजे किती आहे? शंभर माणसांत सुमारें एकाला, किंवा थोडें कमीच, हा रोग आयुष्यांत केव्हां तरी होतो. आईबापांपैकीं एकाला असल्यास मुलांत शंभरीं दहा-तेरा; सख्ख्या भावंडांत नवाच्या आसपास; भाच्यापुतण्यांत तीन-चार. जुळ्या भावंडांत, ज्यांचा पिंडच एक असतो, एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचा संभव निम्म्याच्या आंतबाहेर. जेथें रक्त शंभर टक्के तेंच, तेथेंहि निम्मे सुटतात! आणि उलट बाजूनें पाहिलें तर रोग्यांपैकीं दहांत जवळजवळ नवांच्या आईबापांना हा रोग नव्हता. म्हणजे ज्या घरांत "आमच्यांत असलें कांहीं नाहीं" असें अभिमानानें सांगतात, रोगी बहुधा त्याच घरांतून येतात. इंदापूरच्या मुलीला मामामुळें जो धोका आहे तो असा शंभरांत तीन-चारांचा. बारामतीच्या मुलाला, कोणीच मामा वेडा नसतां, शंभरांत एकाचा आहे. या दोन आंकड्यांच्या अंतरावर एक लग्न मोडावें काय, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मात्र शंभर आणि शून्य यांची तुलना करीत आहों, असा समज करून घेऊं नये.

मुलीच्या पत्रांत नसलेला, पण आमच्या मतें अधिक कठीण प्रश्न पुढेंच आहे. समजा, रोग आला. पुढें काय? यशवंतरावांचे दोर आणि दूध हेंच पुढें आहे काय? लोकांचें भय खरें म्हणजे या चित्राचें आहे. वंशावळ केवळ निमित्त.

या बाबतींत इंदापूर तालुक्याच्या इतिहासांतील एक गोष्ट आम्हांस नेहमीं आठवते. कंपनी सरकारच्या आरंभींच्या काळांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें येथील जमिनींची मोठी बारीक पाहणी केली व प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न काढून १८३० च्या सुमारास सारा बसविला. हिशेब फार विद्वत्तेचा होता, पण रयत बुडाली. शेतें ओस टाकून लोक निजामाच्या मुलखांत जाऊं लागले. तेव्हां १८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं नव्यानें मोजणी आरंभिली, आणि १८३६ मध्यें इंदापुरास तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी झाली. सगळ्या मुंबई इलाख्याला पुढें जी पद्धति लागू झाली तिचा पहिला धडा या तालुक्यानें गिरविला. तीस वर्षांनीं फेरपाहणीला अधिकारी आले तेव्हां ओस पडलेल्या जमिनी लागवडीस आलेल्या त्यांना दिसल्या. जमीन तीच होती. तिला मुदत मिळाली होती.

मनोविकारांच्या शास्त्रांत प्रिंगलसाहेबांची जागा एमिल क्रेपेलिन यांची म्हणावी लागेल. थोर पुरुष, निरीक्षण अतिशय सूक्ष्म. १८९६ मध्यें त्यांनीं या रोगाचें चित्र रेखाटलें आणि त्याला जें नांव दिलें त्याचा अर्थच मुळीं "अकालीं येणारी बुद्धिहीनता" असा. परंतु त्यांची पाहणी वेड्यांच्या इस्पितळांत झाली, आणि जे बरे होऊन घरीं जातात ते इस्पितळांत दिसत नाहींत. १९०८ मध्यें झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनीं ते नांव टाकून "स्किझोफ्रेनिया" हें नांव घातलें. ब्लॉयलर यांची सख्खी बहीण याच प्रकारच्या विकारानें आजारी होती व त्यांच्या बिऱ्हाडींच राहत असे. म्हणजे मध्यस्थांच्या मापानें तें घराणें लग्नाला अयोग्य! त्याच घराण्यांत, त्या आत्याच्या सहवासांत, मानफ्रेड ब्लॉयलर लहानाचे मोठे झाले. बापाच्याच इस्पितळाचे ते पुढें प्रमुख झाले, आणि २०८ रोग्यांचा त्यांनीं स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. १९७२ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, सरासरीनें पहिल्या पांच वर्षांनंतर हा रोग आणखी बिघडत नाहीं, उलट पुष्कळांत सुधारणेकडेच झुकतो. अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत, इस्पितळाच्या मागल्या खोल्यांत कायमचे म्हणून टाकलेल्या २६९ रोग्यांना १९५० नंतरच्या दशकांत काम, घर व आधार देऊन बाहेर काढलें होतें. कोर्टनी हार्डिंग यांनीं सरासरी बत्तीस वर्षांनीं त्यांना पुन्हां गांठलें व १९८७ मध्यें हकीकत छापली: निम्म्यापासून दोन-तृतीयांशांपर्यंत लोक बरे झालेले किंवा पुष्कळ सुधारलेले होते. तीस वर्षांची मुदत येथेंहि आली, हा योगायोग.

आपल्या देशांतील साक्षहि हलकी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६० नंतरच्या दशकांत नऊ देशांत जी पाहणी सुरू केली, तींत आपलें आग्रा शहर होतें. आणि दोन व पांच वर्षांनीं पाहतां आग्र्याचे रोगी श्रीमंत देशांतल्या रोग्यांहून बरे आढळले. मद्रासेंत १९८१ पासून नव्वद नव्या रोग्यांचा मागोवा घेण्यांत आला. दहा वर्षांअखेर अखंड आजारी राहिलेले थोडेच निघाले. याचें श्रेय आपल्या एकत्र कुटुंबाला देऊन आम्हीं पुष्कळ टाळ्या घेतल्या. २००८ मध्यें कांहीं संशोधकांनीं, त्यांत मद्रासचेहि होते, या समजुतीवरच प्रश्नचिन्ह लावलें, व आमच्या मतें तें योग्य केलें. कुटुंब म्हणजे बहुधा घरांतली एक बाई. व्हीडा स्कुल्टन्स या विदुषींनीं महाराष्ट्रांतील एका महानुभाव मंदिरांत राहून १९८७ मध्यें जो निबंध लिहिला, त्यांत त्यांना दिसलें तें हें कीं, रोग्याबरोबर आलेल्या आया, बायका, बहिणी स्वतःच अंगांत येऊन घुमतात, आणि घरच्या माणसाचें दुखणें आपल्यावर यावें म्हणून देवाजवळ मागणें मागतात. अहल्याबाईंच्या उशाशीं बसण्यापासून हें फारसें दूर नाहीं. शिवाय या रोगांत आत्महत्या होतात, रोगी इतरांपेक्षां लवकर मरतात, आणि आजारी स्त्रीला नवऱ्यानें टाकणें आजारी पुरुषाला बायकोनें टाकण्यापेक्षां फार सोपें जातें. बरें होण्याचे आंकडे सांगतांना हें लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

दोर मात्र सुटत चालले, यांत संशय नाहीं. १९५२ पासून औषधें आलीं. जुन्या हिंदु कायद्यानें वेड्याला वारसा नव्हता, केवळ पोटगी होती. १९२८ च्या कायद्यानें तो निर्बंध जन्मजात वेड्यापुरता आणला व १९५६ च्या वारसा कायद्यानें रोगाच्या कारणावरून वारसा नाकारणेंच बंद केलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याला सांखळदंड घालण्यास साफ मनाई केली. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडांत कॅलगरीच्या विद्यापीठांत प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा रोग होता. तें झांकून ठेवण्याऐवजीं त्यांनीं १९९७ मध्यें पुण्यांत या रोगाविषयीं जागृति करणारी संस्था उभी केली व २००४ च्या 'देवराई' या चित्रपटामागेंहि तेच उभे राहिले. मराठी घरांतून हा शब्द उघड उच्चारला जाऊं लागला, त्यांत त्यांचा वांटा मोठा आहे.

मुलीच्या पत्राला आम्हीं एवढें सगळें उत्तर लिहिलें नाहीं. होळकरांचा दाखला लागू पडत नाहीं, आणि कां, इतकेंच कळविलें. पुढें दिवाळीच्या सुट्टींत इंदापुराकडे जाण्याचा योग आला तेव्हां मामांची भेट झाली. वय पन्नाशीच्या पुढें. पहिलीं दहा वर्षें फार वाईट गेलीं, असें त्यांच्या बहिणीनें सांगितलें: नरसिंहपूर झालें, गाणगापूर झालें, पुण्याचें इस्पितळ दोनदां झालें. आतां पंधरा-वीस वर्षें ते गांवच्या दूध संकलन केंद्रांत वही लिहितात. बोलणें मोजकें, हात किंचित् थरथरतो, अक्षर मात्र वळणदार. सातबाऱ्यावर भावांच्या बरोबरीनें त्यांचें नांव आहे. आम्ही होळकरांविषयीं कांहीं लिहीत आहों हें भाचीकडून त्यांना कळलें होतें. वहींतून मान वर न करतां त्यांनीं विचारलें, "सर, यशवंतरावांना बांधून ठेवलं होतं, तेव्हां त्यांच्याशीं कोणी बोलत होतं का?"

आम्हीं त्यांना अहल्याबाईंची व मालेरावांची हकीकत सांगितली. त्यांनीं ती नीट ऐकून घेतली, आणि कॅन आले म्हणून उठले.

बारामतीचें तें स्थळ मोडलें. मुलीचें लग्न पुढल्या वैशाखांत दुसरीकडे, सर्व माहिती आधीं देऊन, झालें. बोहल्यावर तिला मामांनींच आणली.